न्यू ऑर्लीन्सच्या वसंतातल्या पंगती

खाद्यमहोत्सव म्हटला की माझ्या मनात आधी संशय उभा राहतो. ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी जिभेच्या करमणुकीसाठी भरवलेली जत्रा, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे अन्नाचा उत्सव वेगळा नव्हता. कुणाच्या कंदुरीचा वाटा आला, कुणाच्या लग्नात बुंदी मिळाली, की तोच उत्सव. पुढे शहरात शिकायला आल्यावर मंडपात मांडलेले 'मराठमोळे' पदार्थ पाहिले. त्या मंडपात थालीपीठ होते, मोदक होते, कोल्हापुरी रस्सा होता. माझ्या मायच्या चुलीवरचे काहीच नव्हते. तेव्हा मला त्याचे वाईटही वाटले नाही. नसणारच, असे मी धरून चाललो होतो.

ही समजूत थोडी हलली ती अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स या शहरात. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने मी मार्च-एप्रिलचे दोन महिने तिथे होतो. आपल्या नियतकालिकांनी सत्तरच्या दशकात 'निग्रो साहित्य' या नावाने ज्याची ओळख करून दिली, ते काळ्यांचे साहित्य वाचायला मी गेलो होतो. वाचन झाले, पण पुष्कळसे शिक्षण रस्त्यावर, कागदी ताटल्या हातात घेऊन झाले. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला गेले तर त्याने काय खावे, कुठे खावे आणि खाताना काय आठवावे, एवढ्यापुरता हा लेख आहे.

मिसिसिपी नदीच्या वळणावरचे हे शहर फ्रेंचांनी 1718 साली वसवले, मग ते स्पेनकडे गेले आणि 1803 साली अमेरिकेने विकत घेतले. ख्रिस्ती कॅथलिक पंथाची छाप असल्याने इथला वसंत उपवासाच्या पंचांगावर चालतो. फेब्रुवारीच्या सुमारास मार्डी ग्रास नावाचा धुमाकूळ संपतो आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणून शुक्रवारी चर्चच्या आवारात मासे तळले जातात आणि कोणीही पैसे देऊन ताटली घेऊन बसावे अशी पद्धत आहे. आपल्याकडे उपवास म्हणजे दुप्पट खाणे. तिथेही फार वेगळे नाही. मासा शुक्रवारी चालतो, म्हणून नदी, दलदल आणि समुद्र असा सगळा ऐवज त्या दिवशी कढईत येतो.

याच दिवसांत क्रॉफिशचा हंगाम भरात असतो. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, बोटाएवढा, नांग्या असलेला जीव. ओढ्यातला खेकडा आणि झिंगा यांच्या मधला म्हणावा. लुइझियाना राज्यात भाताच्या खाचरांतच पीक निघाल्यावर पाणी कोंडून तो वाढवतात. मोठ्या पातेल्यात तिखट, लिंबू, लसूण, मक्याची कणसे आणि बटाटे घालून तो उकडतात आणि जुन्या वर्तमानपत्रांवर ओततात. टेबलाभोवती सगळे उभे राहतात. डोके पिळून वेगळे करायचे, त्यातला रस ओढायचा, शेपटीतले मांस काढायचे. हात, तोंड, शर्ट, काही शिल्लक राहत नाही. माझ्यासोबतचा एक दिल्लीचा प्राध्यापक काटाचमचा शोधत होता. मला मात्र लहानपणी ओढ्यात दगड उचलून पकडलेले खेकडे आठवले आणि मी तिथल्या लोकांपेक्षा लवकर शिकलो. हा जीव एके काळी गरिबाचे खाणे समजला जात असे, हे मला नंतर कळले.

19 मार्चला संत जोसेफचा दिवस. सिसिलीहून आलेल्या इटालियन मजुरांनी ही प्रथा आणली. घराघरांत, चर्चमध्ये पायऱ्यांची वेदी मांडतात आणि तिच्यावर पाव, मासे, भाज्या, गोड बिस्किटे यांचा ढीग रचतात. मांस नसते. जोसेफ सुतार होता म्हणून शेवयांवर पावाचा चुरा टाकतात. तो त्याच्या करवतीचा भुसा. तीन मुले पवित्र कुटुंब बनून दारे ठोठावतात, दोन दारांवर त्यांना हाकलले जाते, तिसऱ्या दारावर आत घेतात, आणि मग सगळ्यांचे जेवण सुरू होते. येणाऱ्याला कोण, कुठला विचारत नाहीत. जाताना हातावर वाळलेल्या बाकल्याचा एक दाणा ठेवतात. तो शकुनाचा. मी तो दाणा खिशात घालून बाहेर आलो आणि तारीख आठवली. 1927 साली 19 आणि 20 मार्चला महाडला परिषद भरली होती. परिषदेच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले होते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन लोक परतले आणि जेवायला बसले, तेव्हा सवर्णांचा जमाव मंडपात घुसला आणि त्याने त्यांच्या अन्नात माती कालवली. दारावरून हाकलले जाण्याचा खेळ त्या मुलांनी छान केला. लोक हसत होते. मला हसता आले नाही, यात त्या मुलांचा दोष नाही.

इटालियन लोकांविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. 1891 साली याच शहरात अकरा इटालियनांना जमावाने तुरुंगात घुसून ठार मारले. तेव्हा ते पुरेसे 'गोरे' नव्हते. पुढे झाले. काळ्यांना ती सोय नव्हती.

आता गंबोकडे येतो. गंबो हा या शहराचा मुख्य पदार्थ. दाट, काळसर रस्सा. त्यात कोंबडी, सॉसेज, कोळंबी, खेकडे, जे असेल ते. आणि खाली भात. त्याचे नावच आफ्रिकेतले आहे. बांटू भाषांत भेंडीला 'की न्गोम्बो' यासारखा शब्द आहे, त्यावरून 'गंबो'. भेंडी गुलामांबरोबर आली. भाताचे पीक कसे काढायचे हे पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना ठाऊक होते आणि त्या ज्ञानासकट त्यांना विकत घेतले गेले. रस्सा दाट करायला भेंडीऐवजी कधी ससाफ्रासच्या पाल्याची पूड टाकतात. ती चॉक्टॉ आदिवासींची देणगी. पीठ तुपात भाजून घेण्याची रीत फ्रेंच. म्हणजे एका वाटीत मालक, गुलाम आणि जमीन गमावलेला मूळ रहिवासी असे तिघे आहेत. मात्र पुस्तकांनी बराच काळ श्रेय दिले ते एकालाच. क्रिओल पाककला म्हणजे फ्रेंच आणि स्पॅनिश मालकिणींची रुची, काळी बाई फक्त ढवळणारी, अशी मांडणी होती.

ही मांडणी कशी मोडली ती हकिकत आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सप्टेंबर 1960 मध्ये कॅनॉल स्ट्रीटवरच्या मॅक्रोरीज या दुकानाच्या उपाहाराच्या काउंटरवर चार विद्यार्थी जाऊन बसले. रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल आणि सेसिल कार्टर हे तिघे काळे, लॅनी गोल्डफिंच हा गोरा. त्यांनी खायला मागितले. दुकानात काळ्यांना वस्तू विकत घेता येत होत्या, पण बसून खाता येत नव्हते. चौघांना अटक झाली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1963 साली 'लोम्बार्ड विरुद्ध लुइझियाना' या निकालाने त्यांची शिक्षा रद्द झाली. त्याच लोम्बार्डने 1978 साली नॅथॅनियल बर्टन या काळ्या आचाऱ्याबरोबर 'क्रिओल फीस्ट' हे पुस्तक काढले. शहरातल्या नामांकित उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत आयुष्य घालवलेल्या काळ्या आचाऱ्यांच्या पाककृती आणि त्यांचे बोलणे त्यात आहे. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी माणूस काउंटरवर बसण्याचा हक्क मागतो. मग तो काउंटरच्या मागे वळून विचारतो की हे रांधले कोणी?

आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा होता, कारण आपण रांधलेले कोणी खाणारच नव्हते. गोऱ्याला काळ्या बाईच्या हातचे चालत होते, तिच्या शेजारी बसून चालत नव्हते. सवर्णाला आपली सावलीही चालत नव्हती. वंश आणि जात यांची तुलना करताना हा भेद विसरला जातो. आपल्या श्रमाने पिकलेली ज्वारी त्यांना चालत होती. तीच ज्वारी आपल्या तव्यावर भाकरी झाली की बाटत होती. त्यामुळे त्यांच्याकडे स्वयंपाकघर हा शोषणाचा पुरावा झाला आणि कसबाचाही. आपल्याला तेवढेही मिळाले नाही. सवर्णांच्या स्वयंपाकात आपला हात नाही, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येते. हे नव्याने कळले तेव्हा मी एका बाकावर बसून बराच वेळ ताटलीतला रस्सा थंड होऊ दिला.

पाहुण्याने चुकवू नये अशी जागा म्हणजे ट्रेमे वस्तीच्या कडेला असलेले 'डूकी चेस' हे उपाहारगृह. चेस कुटुंबाने ते 1941 साली सुरू केले आणि लेआ चेस या बाईंनी ते नावारूपाला आणले. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणे बेकायदा होते त्या काळात वरच्या मजल्यावर चळवळीच्या बैठका होत आणि दोन्ही रंगांचे लोक एकाच टेबलावर गंबो खात. 1961 चे फ्रीडम रायडर्स इथे जेवले. 2005 च्या कॅटरिना वादळात इमारत पाण्याखाली गेली, ती 2007 साली पुन्हा उघडली. लेआबाई 2019 साली, शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी तिथे पालेभाज्यांचा गंबो मिळतो. भाज्यांची संख्या विषम हवी; बहुधा नऊ असतात. जितक्या भाज्या तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतात, असा समज आहे. मोहरीचा पाला, सलगमाचा पाला, पालक, कोबी वगैरे शिजवून, वाटून, त्यात दुसऱ्या दिवशीच्या उपवासाची भरपाई म्हणून भरपूर मांस. मी दोन तास रांगेत होतो. पहिल्या घासाला माझ्या जिभेवर पाथरी, तांदूळजा, घोळ असे शेताच्या बांधावरचे सगळे आले. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि येताना ओटीत तण आणायची. मालकाच्या लेखी तण, आमच्या लेखी कोरड्यास.

सोमवारी राजमा-भात. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. रविवारच्या मांसाचे हाड राजम्यात टाकून पातेले चुलीवर ठेवायचे आणि बाईने धुण्याला लागायचे. हा पदार्थ बाईच्या श्रमाच्या वेळापत्रकातून जन्मला. लुई आर्मस्ट्राँग पत्राच्या शेवटी सहीच्या जागी राजमा-भाताची आठवण काढत असे, इतके ते या शहराच्या अंगी आहे. जुन्या काळी काळ्या बाया डोक्यावर टोपली घेऊन तांदळाचे गुलगुले विकत. त्याला 'कालास' म्हणतात. 1724 च्या फ्रेंच कायद्याने गुलामांना रविवारी कामातून सूट होती आणि पुढच्या स्पॅनिश राजवटीत गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटता येत होते. रविवारी गुलगुले विकून काही बायांनी स्वतःला विकत घेतले. आज तो पदार्थ थोड्याच ठिकाणी मिळतो. मिळाला तर जरूर खावा.

मार्चच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास 'सुपर संडे' असतो. काळ्या वस्तीतले लोक वर्षभर हाताने शिवलेले पिसांचे, मण्यांचे भव्य पोशाख घालून निघतात. गुलामांना आसरा देणाऱ्या आदिवासींचा तो मान, असे ते सांगतात. ज्या मैदानाजवळ हे घडते त्याला ए. एल. डेव्हिस या धर्मोपदेशकाचे नाव आहे. 1957 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेची स्थापना याच डेव्हिस यांच्या चर्चमध्ये झाली. तिथे महोत्सवाचे फलक नसतात. टेम्पोसारख्या गाड्यांच्या मागच्या फळीवर शेगड्या पेटलेल्या असतात. डुकराचे पाय, टर्कीच्या माना, भाजलेल्या बरगड्या. 'याकामीन' नावाचा शेवया, मांस आणि उकडलेले अंडे घातलेला झणझणीत रस्सा मिळतो. क्लेबोर्न अव्हेन्यूवरही हेच. त्या रस्त्यावर ओक वृक्षांच्या रांगा होत्या आणि सण त्यांच्या सावलीत होत. 1966 साली महामार्गाच्या पुलासाठी झाडे तोडली. आता लोक पुलाच्या खांबांमध्ये चुली मांडतात. खांबांवर त्यांनी झाडे रंगवली आहेत.

एप्रिलमधला 'फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल' 1984 पासून भरतो. त्याला प्रवेशमूल्य नसते. नदीकाठच्या मांडवांत शहरातली उपाहारगृहे लहान ताटल्या विकतात. गर्दी फार, ऊन कडक. सकाळी जावे. त्याच भागात यादवी युद्धापूर्वी माणसांचे लिलाव होत. अमेरिकेतला सर्वांत मोठा गुलामबाजार याच शहरात होता. एप्रिलअखेर 'जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल' सुरू होतो. तो 1970 साली काँगो स्क्वेअरमध्ये, म्हणजे गुलाम रविवारी जिथे नाचत-गात आणि विक्री करत त्याच जागी, पहिल्यांदा भरला. 1972 पासून तो घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गेला. आज एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरच्या आसपास असते. मी एकच दिवस गेलो. खाणे उत्तम होते. ज्या वस्त्यांतून ते खाणे आले तिथली माणसे मला मैदानात शेगडीमागे जास्त दिसली, शेगडीपुढे कमी. हे माझे निरीक्षण, एका दिवसाचे. त्यावर मी सिद्धांत बांधत नाही.

आणखी एका जेवणाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय आपल्या दृष्टीने अपुरा राहील. ज्यांच्या नावावरून 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ब्लॅक पँथरने 1969 साली ओकलंडमध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली होती. न्यू ऑर्लीन्समध्ये 'डिझायर' नावाच्या सरकारी गाळ्यांच्या वस्तीत 1970 साली पँथरनी हेच केले. त्या नोव्हेंबरात पोलीस त्यांना बाहेर काढायला चिलखती गाडी घेऊन आले तेव्हा वस्तीतले लोक मध्ये उभे राहिले आणि पोलिसांना त्या दिवशी परत जावे लागले. ज्यांनी आपल्या पोरांना खाऊ घातले त्यांच्यासाठी लोक उभे राहिले. आपल्या पँथरच्या जाहीरनाम्याची, फुटीची आपण एवढी चर्चा केली. ही न्याहारी आपण उचलली नाही.

आता कठीण मुद्दा. काळ्यांमध्येही आपल्या अन्नाविषयी एकमत नव्हते. मालकाने टाकलेली आतडी, पाय, मुंडी यांपासून बनलेल्या खाण्याला साठच्या दशकात 'सोल फूड' हे अभिमानाचे नाव मिळाले. अमिरी बराका यांनी 1962 सालीच त्याची बाजू घेऊन लिहिले. उलट एलिजा मुहम्मद यांनी 1967 च्या 'हाऊ टू ईट टू लिव्ह' या पुस्तकात ते गुलामगिरीचे अन्न म्हणून टाकून द्यायला सांगितले. आपल्याला हा वाद परका नाही. बाबासाहेबांनी महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे खाऊ नका असे सांगितले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते सोडले. उपाशी राहून सोडले. त्यामागे मोठा स्वाभिमान होता. मग चान्या, रक्ती, वजडी यांचा महोत्सव भरवणे म्हणजे तो निर्धार मोडणे नाही का?

मी या प्रश्नावर बरेच दिवस घालवले. मला असे वाटते की बाबासाहेबांनी सोडायला लावली ती सक्ती आणि तिच्यातून लादलेली अप्रतिष्ठा. आमच्या बायांचे कसब सोडायला त्यांनी सांगितले नव्हते. मांस वाळवून पावसाळ्यासाठी साठवणे, तेलाच्या चार थेंबांत पंधरा माणसांचे कोरड्यास करणे, हे ज्ञान आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली. त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. एकीकडे नोंद होत होती आणि दुसरीकडे नोंदवलेले ताट गुन्ह्यात जमा होत होते. मात्र केवळ सहभोजनाने किंवा मांडवाने जात जाईल, अशा भ्रमात कोणी राहू नये. बाबासाहेबांनी 1936 सालीच 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगून ठेवले आहे की रोटीव्यवहाराने जातीची जाणीव मेलेली नाही. त्यांच्या मते घाव बेटीव्यवहारावर आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावर घालावा लागतो. न्यू ऑर्लीन्समध्येही गंबो सगळे खातात. म्हणून कॅटरिनाचे पाणी सगळ्यांच्या घरात सारखे शिरले असे झाले नाही.

पुलाखाली एका शेगडीवर साठीच्या एका काळ्या बाईने मला डुकराच्या पायाची ताटली दिली आणि विचारले, तुमच्या घरी काय खातात? मी सांगितले, डाळ-भात, भाज्या. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही शाकाहारी. मग हे कसे खाता? मला उत्तर सुचले नाही. साहित्याचा प्राध्यापक, विद्रोहावर व्याख्याने देणारा, सात समुद्र ओलांडून गेलेला, जिथे माझी जात कोणाला ठाऊक नव्हती तिथेही मी मायचे ताट लपवले.

परत आल्यावर मी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचे की दुष्काळात तुम्ही काय खात होता, आणि ते तिच्याच शब्दांत लिहून आणायचे. पहिल्या खेपेला आलेल्या वह्यांपैकी बहुतेकांत पुरणपोळी होती. बाहत्तरच्या दुष्काळात पुरणपोळी. दोघातिघांनी मिलो आणि सुकडी लिहिली होती. एका मुलीच्या वहीत एकच ओळ होती : आजीने सांगितले, पण लिहू नको म्हणाली. मी त्या वहीवर गुण दिले नाहीत, वही परतही केली नाही. यंदा तेच काम पुन्हा दिले आहे. या खेपेस पहिली वही माझी आहे. मायने दोन संध्याकाळी बसून सांगितली, मी लिहिली, आणि वर्गात वाचून दाखवणार आहे. चान्या कशा वाळवायच्या हे सांगताना तिने मधेच उठून दार लोटून घेतले होते.